एआयने तयार केलेली चित्रे स्टॉक साइटवर का नाकारली जातात?

अक्षरजुळणी
नमस्कार. इचलकरंजीत माझा डीटीपीचा छोटा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, दुकानांचे फ्लेक्स आणि दिवाळीची शुभेच्छापत्रे हे माझे गेल्या अकरा वर्षांचे काम. चार महिन्यांपासून फावल्या वेळात मी एआयच्या साहाय्याने चित्रे तयार करून ती एका मोठ्या स्टॉक साइटवर, म्हणजे तयार फोटो-चित्रे वापरायला विकणाऱ्या संकेतस्थळावर, विक्रीसाठी पाठवतो आहे. आतापर्यंत ६२ चित्रे पाठवली. त्यांतली १३ स्वीकारली गेली आणि ४९ परत आली. परत आलेल्यांपैकी २८ चित्रांवर ‘गुणवत्तेची अडचण’, १९ चित्रांवर ‘अशी चित्रे आधीच आहेत’ आणि दोन चित्रांवर ‘बौद्धिक संपदा’ असा शेरा आहे. शेरा एका ओळीचा असल्यामुळे नेमके कुठे बिघडले, हे त्यावरून काही केल्या कळत नाही.

सोबत एक चित्र जोडले आहे. वाड्याच्या ओसरीत नऊवारी नेसलेली एक स्त्री पणत्या लावते आहे, मागच्या भिंतीवर शुभेच्छांची पाटी आहे आणि पुढे ठिपक्यांची रांगोळी आहे. हे चित्र दुकानातल्या पडद्यावर लावले, तेव्हा तीन गिऱ्हाइकांनी हा फोटो कोणत्या वाड्यातला म्हणून विचारले. इतके खरे दिसणारे चित्रही गुणवत्तेच्या कारणाने परत आले, याचे आश्चर्य वाटते. एआयचे चित्र आहे एवढ्याच कारणाने ते नाकारले जाते का? एका परिचिताचा सल्ला असा की, पाठवताना एआयची खूणच करू नये, म्हणजे साधा फोटो समजून तो पुढे जातो. हे करावे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

काळापांढरा
मी मूळचा छायाचित्रकार. स्टॉक साइटना फोटो पाठवायला लागून पंधरा वर्षे होतील, आणि गेली दोन वर्षे एआयची चित्रेही पाठवतो. त्यामुळे नकारांचा ढीग माझ्याकडे आपल्यापेक्षा मोठा आहे.

सरसकट एआय नको, असे म्हणणाऱ्या साइट आहेत, हे खरे. गेटी इमेजेसने सप्टेंबर २०२२ मध्येच ही दारे बंद केली, आणि आयस्टॉक त्यांचेच असल्यामुळे तिथेही तोच नियम आहे. शटरस्टॉक आपल्या ग्राहकांना स्वतःचा चित्रजनरेटर (सूचनेवरून चित्र काढणारे एआय) वापरायला देते, पण आपण बाहेर तयार केलेले एआय चित्र घेत नाही. अडोबी स्टॉकने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये नियम जाहीर करून अशी चित्रे स्वीकारायला सुरुवात केली. अट अशी की, ते एआयचे आहे अशी खूण पाठवतानाच केली पाहिजे. आपली १३ चित्रे घेतली गेली, याचा अर्थ आपण दार उघडे असलेल्या साइटवरच गेला आहात. तेव्हा उरलेल्या ४९ चित्रांचे कारण चित्रांतच शोधावे लागेल.

आता आपले जोडलेले चित्र. दुकानातल्या पडद्यावर ते मावेल इतके लहान होऊन दिसले, म्हणून गिऱ्हाइकांना खरे वाटले. साइटचा परीक्षक तसे पाहत नाही. तो चित्र शंभर टक्के झूमवर उघडतो, म्हणजे चित्राचा एक पिक्सेल म्हणजे पडद्याचा एक पिक्सेल, आणि मग कोपऱ्याकोपऱ्यातून फिरतो. मीही तसेच केले. हातातल्या पणतीला ज्योत आहे, पण वात नाही. ज्योत तेलाच्या पृष्ठभागावर नुसतीच तरंगते आहे. डाव्या मनगटातल्या बांगड्या मोजायला गेलो, तर पाचवी बांगडी कातडीत शिरते आणि पलीकडून बाहेर येत नाही. नऊवारीच्या निऱ्या कमरेपासून नीट उतरतात, पण गुडघ्याशी त्यांचा घागरा होतो. काष्टा मागे गेला आहे असे कुठेच दिसत नाही. चेहऱ्यावर उजेड डावीकडून आहे आणि पणत्या सगळ्या उजवीकडे आहेत. भिंतीवरच्या पाटीला शिरोरेषा आहे, खाली उकार आहेत, लांबून पाहिले तर ‘शुभ दीपावली’ लिहिले असावे असे वाटते, पण जवळ गेल्यावर त्यात देवनागरीतले एकही अक्षर धड सापडत नाही. आपण अक्षरजुळणीच्या धंद्यातले आहात, म्हणून विशेष सांगतो: ती पाटी एखाद्या गिऱ्हाइकाने छापायला आणली असती, तर आपणच परत पाठवली असती.

दुसरी गोष्ट आकाराची. आपल्या फाइलची माहिती पाहिली. ती ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलची आहे, म्हणजे सुमारे १६.८ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल). पण अनेक जनरेटर मुळात १०२४ गुणिले १०२४ एवढेच चित्र देतात, ते जेमतेम एक मेगापिक्सेल होते. अडोबी स्टॉकची किमान मर्यादा ४ मेगापिक्सेलची असल्याने अपस्केल केल्याशिवाय, म्हणजे सॉफ्टवेअरने चित्र मोठे केल्याशिवाय, गत्यंतर नसते, हे मान्य. पण चारपट रुंदी आणि चारपट उंची म्हणजे सोळापट पिक्सेल. त्या सोळांतले पंधरा सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेले असतात. अंदाज चुकला की गालाची त्वचा मेणाची होते, केसांच्या बटा एकमेकींना चिकटून दोरखंड होतात, आणि आपल्या रांगोळीतले ठिपके झाले आहेत तशा अळ्या होतात. २०४८ गुणिले २०४८ म्हणजे जवळजवळ ४२ लाख पिक्सेल. किमान मर्यादा तेवढ्यात ओलांडली जाते. मोठी फाइल पाठवली की परीक्षक खूश होतो, हा समज कॅमेऱ्याच्या काळातला आहे. इथे मोठी फाइल म्हणजे दोष मोठे करून दाखवणे.

माझी पद्धत सांगतो. आधी मूळ आकारात चित्र तपासतो आणि हात, दात, कान, दागिने, अक्षरे, सावल्या यांपैकी कशात खोट दिसली, तर फोटोशॉपमध्ये तेवढा भाग दुरुस्त करतो. दुरुस्तीला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागेल असे दिसले, तर ते चित्र टाकून देतो. अपस्केल त्यानंतर, आणि दुपटीपेक्षा जास्त नाही. शेवटी पुन्हा एकदा शंभर टक्क्यांवर. आकाशासारख्या सपाट भागात रंगांचे पट्टे पडले आहेत का, तेही तेव्हाच दिसते. दहा चित्रांतली दोन-तीनच शेवटपर्यंत टिकतात, पण त्यांना नकार क्वचित येतो.

जाहिरातखाते
वरचे उत्तर तांत्रिक बाजूने पूर्ण आहे. मी दुसऱ्या टोकाचा, म्हणजे खरेदीदार आहे. पुण्यातल्या एका जाहिरात संस्थेत काम करतो आणि आठवड्याला वीस-पंचवीस चित्रे विकत घेतो. १९ चित्रांवर आलेल्या ‘अशी चित्रे आधीच आहेत’ या शेऱ्याबद्दल थोडे लिहितो, कारण तो लोकांना अन्यायाचा वाटतो आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत रास्त असतो.

आपण ६२ चित्रे पाठवली, पण प्रॉम्प्ट, म्हणजे जनरेटरला लिहून दिलेल्या सूचना, किती होते? अंदाज करायचा तर सहा-सात असतील. एका प्रॉम्प्टची एका वेळी चार चित्रे निघतात, चारही बरी दिसतात, टाकवत नाहीत, मग चारही जातात. हेच जगभरातले हजारो लोक करत असतात, आणि दिवाळी म्हटले की प्रत्येकाचे जनरेटर निळा-जांभळा अंधार, सोनेरी धूसर ठिपके आणि पुढे पणत्या असे तेच दृश्य काढून देते. शोधखिडकीत ‘दिवाळी’ टाकल्यावर माझ्यासमोर पानामागून पान तेच उघडते. छायाचित्रकाराला एक फोटो काढायला निदान ओसरी शोधावी लागत होती. त्यामुळे गर्दीला आपोआप आळा बसत होता. आता तो आळा साइटने स्वतः घालायचा असतो, आणि तो या शेऱ्याच्या रूपाने घातला जातो.

मला चित्र हवे असते ते वापरण्यासाठी. मजकूर बसवायला एका बाजूला मोकळी जागा हवी, माणसांच्या नजरा त्या जागेकडे वळलेल्या असल्या तर उत्तम, आणि विषय नेमका हवा. भाऊबीजेला पाटावर बसलेला भाऊ, लक्ष्मीपूजनाला मांडलेली केरसुणी आणि लाह्या-बत्तासे, पहाटेचे उटणे, किल्ला करणारी चिखलाने माखलेली मुले, यांची नीटनेटकी चित्रे शोधून सापडत नाहीत. पणत्या लावणारी सुंदर स्त्री मात्र पोत्याने मिळते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या गणेशोत्सवात एका ग्राहकाच्या निमंत्रणपत्रिकेसाठी आमच्या एका नवीन मुलाने एआयचे आरतीचे चित्र घेतले. थंबनेलवर ते छानच होते. छपाईला जाण्याच्या आदल्या दिवशी ग्राहकाच्या वडिलांनी ते पाहिले आणि विचारले, ‘हा एकदंत कसा? याला दोन्ही सुळे सारखे आहेत.’ मग सगळ्यांनीच निरखून पाहिले. टाळ वाजवणाऱ्या माणसाच्या हातात टाळाचा एकच भाग होता आणि निरांजनाला पाच ज्योती असून तबक मात्र हवेत होते. रात्री बसून पत्रिका नव्याने केली. तेव्हापासून शोधताना एआयची चित्रे वगळण्याचा पर्याय आम्ही चालू ठेवतो. अडोबी स्टॉकवर तो शोधाच्या गाळणीत आहेच. परीक्षकाने गुणवत्तेच्या नावाखाली चित्र परत पाठवले, म्हणजे अशीच एखादी रात्र कुणाची तरी वाचवलेली असते.

अक्षरजुळणी
दोघांचेही आभार. प्रॉम्प्ट नऊ होते. अंदाज फार चुकला नाही. पाटीकडे मी चार महिन्यांत एकदाही जवळून पाहिले नव्हते, याची लाज वाटली. ‘बौद्धिक संपदा’ शेऱ्याची दोन चित्रे अशी: एक कमळावरील लक्ष्मीचे, त्याच्या शीर्षकात मी ‘राजा रविवर्मा शैली’ असे लिहिले होते. रविवर्मा १९०६ साली वारले, मग आता कसला हक्क उरला आहे? दुसऱ्यात एक मुलगा लॅपटॉपवर अभ्यास करतो आहे. त्यात हरकतीचे काय, ते मला दिसत नाही. आणि खुणेच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.

कलम_सत्तावन्न
वकिली करतो, पण हा औपचारिक सल्ला समजू नये.

लॅपटॉपच्या झाकणावर अर्धवट खाल्लेल्या फळासारखे काहीतरी उमटले आहे का, ते पाहावे. जनरेटरने लाखो फोटोंतून लॅपटॉप म्हणजे काय हे शिकताना त्यावरचे चिन्हही शिकून घेतलेले असते, आणि ते न सांगता काढले जाते. बुटांवरचे पट्टे, गाडीच्या पुढच्या जाळीचा आकार, शीतपेयाच्या बाटलीचा घाट यांचेही तेच. अर्धवट उमटलेले व्यापारचिन्ह हे तरीही व्यापारचिन्हच ठरू शकते.

रविवर्म्यांचा मुद्दा कायद्याच्या अंगाने आपण म्हणता तसाच आहे. भारतात कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे तो कधीच संपला. पण साइटचा नियम कायद्यापेक्षा कडक असू शकतो. शीर्षकात वा कीवर्डमध्ये (शोधशब्दांत) कलावंताचे, प्रसिद्ध व्यक्तीचे किंवा काल्पनिक पात्राचे नाव घालू नये, असे अडोबी स्टॉक एआय चित्रांच्या बाबतीत स्पष्ट सांगते. परीक्षकाने प्रत्येक नावामागे कलावंताची मृत्युतिथी शोधत बसावे, अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय शोधणाऱ्याला त्या नावाखाली तैलरंगातली लक्ष्मी हवी असते आणि त्याला भलतेच मिळते. शीर्षकात ‘कमळावर उभी लक्ष्मी, तैलरंगांचा आभास’ एवढे पुरे होते.

साइट इतक्या जपून का वागतात, हे समजण्यासाठी त्या नेमके काय विकतात ते पाहावे लागते. त्या चित्र विकत नाहीत, चित्र वापरण्याचा परवाना विकतात, आणि मोठ्या साइट त्या परवान्यासोबत अशी हमी देतात की, या चित्रावरून उद्या कुणी दावा लावला, तर ठरावीक मर्यादेपर्यंत भरपाईचा भार आम्ही उचलू. फोटोच्या बाबतीत ही हमी देणे सोपे आहे: फोटो कुणी काढला हे माहीत असते, त्यातल्या माणसाने मॉडेल रिलीजवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही केलेली असते, जागेच्या मालकाचे तसेच प्रॉपर्टी रिलीज असते. एआयच्या चित्रात सही करायला माणूसच नसतो, आणि चित्राचा मालक कोण हा प्रश्न देशागणिक बदलतो. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये एका कॉमिकच्या बाबतीत त्यातला मजकूर आणि मांडणी यांना संरक्षण दिले, पण जनरेटरने काढलेल्या चित्रांना दिले नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मात्र कलम २(घ) च्या सहाव्या उपखंडात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. ती आजचे जनरेटर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली नाही, हे उघड आहे. इचलकरंजीतून पाठवलेले चित्र न्यूयॉर्कमध्ये विकले जाणार असेल, तर साइटला दोन्हींचा विचार करावा लागतो.

गेटीने दार बंद केले त्यामागे ही हमी हे मोठे कारण आहे. त्यांचा स्वतःचाही वाद होताच: आपले फोटो परवानगीशिवाय जनरेटरला शिकवण्यासाठी वापरले, म्हणून त्यांनी २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआय या जनरेटर बनवणाऱ्या कंपनीवर ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत दावे लावले. लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल दिला. त्यात कॉपीराइटचा उरलेला मुख्य दावा फेटाळला गेला, पण जनरेटरच्या काही चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क (फोटोवरची पुसट नाममुद्रा) उमटल्याच्या मुद्द्यावर व्यापारचिन्हाचा भंग मर्यादित प्रमाणात मान्य झाला. लॅपटॉपवरचे फळ आणि हा वॉटरमार्क एकाच जातीचे आहेत.

खुणेबद्दल मात्र शंका ठेवू नये. खूण टाळून चित्र पाठवणे म्हणजे करारात खोटे विधान करणे आहे. एक चित्र सापडले, तर स्वीकारलेली तेराही जाऊ शकतात आणि खाते बंद होऊन जमा रक्कम अडकू शकते. सापडण्याच्या वाटाही वाढत आहेत. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या चित्रांच्या फाइलमध्ये उगमाची नोंद घालायला सुरुवात केली आणि अडोबीचा फायरफ्लाय हा जनरेटरही अशी नोंद जोडतो. ती नोंद पुसता येते, हे खरे. पण वातीशिवाय जळणारी ज्योत पुसता येत नाही. आणि खोट्या ओळखीचे परिणाम आपल्या दिवाळीच्या चित्रापुरते राहत नाहीत. २०२३ च्या अखेरीस इस्रायल-गाझा युद्धाच्या नावाने अडोबी स्टॉकवर असलेली एआय चित्रे काही संकेतस्थळांनी खुलासा न करता वापरल्याचे उघड झाले. तिथे चित्रावर साइटची खूण होती, आणि तरीही वाचकापर्यंत ती पोहोचली नाही. त्यानंतर एआय चित्राच्या शीर्षकातून खरी घटना दाखवल्याचा भास होऊ नये, यावर साइटने अधिक भर दिला. आपल्या एखाद्या चित्राला ‘पंढरपूरची वारी’ असे शीर्षक असेल, तर ते बदलावे. ‘वारकऱ्यांच्या मेळ्याचे कल्पनाचित्र’ म्हणावे.

काळापांढरा
एक पुरवणी. नाकारलेली फाइल नाव बदलून पुन्हा पाठवू नका. आणि कीवर्डची पन्नाशी गाठायच्या नादात ‘फोटो’, ‘कॅमेरा’, ‘खरी व्यक्ती’ असले शब्द भरू नका. वीस-पंचवीस नेमके शब्द पुरतात. आपल्या १३ स्वीकारलेल्या चित्रांत समईचे जे एकटे चित्र आहे, तसे आणखी करा. त्यात माणूस नाही, अक्षर नाही, पितळेवरचा उजेड बरोबर आहे आणि डावीकडे मजकुराला जागा आहे.

जाहिरातखाते
समईचे चित्र पाहिले. पाचांपैकी चार वातीच पेटलेल्या आहेत, पण ते चालेल. खऱ्या समईतही एखादी विझते.

नऊवारवाली
मी इथे सहसा वाचतेच, पण राहवले नाही. ओसरीतल्या बाईंच्या बांगड्या, निऱ्या, पाटी सगळ्यांनी पाहिली. त्यांची नथ उजव्या नाकपुडीत आहे, हे कुणी लिहिले नाही. आपल्याकडे नथ डाव्या बाजूला घालतात. परीक्षक परदेशातला असेल, तर त्याला हे दिसणार नाही, पण कोणत्याही मराठी घरातल्या आजीला दिवाणखान्यातून दिसेल. स्वीकारलेल्या तेरांपैकी दोन चित्रांतही तसेच आहे, तेवढी तपासून घ्यावीत.

अक्षरजुळणी
ताई, अगदी बरोबर. आपले वाचून लगेच चित्र आडवे उलटे करून पाहिले. नथ डावीकडे आली, पण पदर उजव्या खांद्यावर गेला. स्वीकारलेली ती दोन्ही चित्रे मागे घेतो आहे. उद्या दुकान बंद झाल्यावर केरसुणी आणि लाह्या-बत्ताशांपासून सुरुवात करतो. केरसुणीला बोटे नसतात, एवढा तरी दिलासा आहे.